आठव्या पालीची शेपटी

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. बारा वर्षांची. हसू नका. तुमच्यात बारा वर्षं म्हणजे सातवीतलं पोर, पण आमच्यात बारा वर्षं म्हणजे दात पडले, कान गेले आणि घरच्यांनाही आपण आहोत की नाही याचा पत्ता नाही, असं वय. माझी सहा पानं आहेत. दोन पानांवरची चित्रं आता येत नाहीत, त्यांच्या जागी नुसता फाटका चौकोन दिसतो. एका पानावरची बटणं कितीही दाबा, ढिम्म हलत नाहीत. तरी मी आहे. कुठल्याशा दूरच्या देशात, एका थंडगार खोलीत, हजारो दुसऱ्या वेबसाइटींच्या गर्दीत मी झोपून असते. कोणी माझा पत्ता टाकला की मला जाग येते.

ती जाग मोठी मजेची असते. एखाद्याच्या हातातल्या फोनवर मी हळूच डोळे उघडते. समोर एक चेहरा असतो, त्याच्यामागे कधी खिडकी, कधी नारळाची झावळी, कधी बसची सीट. थोडा वेळ तो चेहरा माझ्याकडे बघतो, मग निघून जातो आणि मी पुन्हा झोपते. एकाच वेळी मी ऑकलंडच्या एखाद्या स्वयंपाकघरात जागी असते आणि मांगाइया बेटावरच्या एखाद्या ओट्यावरही, आणि दोन्हीकडे मीच असते. त्यामुळे माझं सगळं आयुष्य मला दुपारच्या लांबलेल्या झोपेसारखं आठवतं. त्यातलं जे हाताला लागतं ते सांगते. तुम्ही म्हणाल, वेबसाइटला कान कुठून आले? अरे, तुमच्या निबंधातल्या छत्रीला आणि फळ्याला तरी तोंड कुठं होतं? तेव्हा ऐका मुकाट्यानं.

माझा जन्म पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावर झाला, शाळेच्या संगणकाच्या खोलीत. तिथला पंखा फिरताना कण्हायचा आणि खिडकीतून समुद्राचा उजेड येऊन पडद्यावर हलत राहायचा. तामारुआ सरांनी वर्गाला वर्षभराचं काम दिलं होतं. तिघातिघांनी मिळून एक वेबसाइट करायची, पानं निदान पाच हवीत, आणि बघणाऱ्याला एका पानावर तरी काहीतरी स्वतः करून बघता आलं पाहिजे. त्यासाठी जावास्क्रिप्ट शिकायची. चांगली जमली तर ती बेटावरच्या सगळ्या शाळांच्या स्पर्धेत जाणार होती.

माझ्या वाट्याला आलेली तीन पोरं सांगते. उपोकोइना ही त्यांची पुढारी. सगळे तिला इना म्हणत. पोरगी हट्टी, पण मनानं सरळ. तेओकोताई, म्हणजे तेओ, तिचा आतेभाऊ. काम चिमूटभर आणि बडबड पोतंभर. तिसरा नूरोआ. तो दिवसभरात चार वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी, पण माझ्या अंगात जो काही जीव आहे तो त्यानं घातला.

विषय इनानं ठरवला, तिवायवाय. तुम्ही तिला आपल्या गोधडीची थोरली बहीण समजा. कापडाची आठ पदरी घडी घालायची, एकाच बाजूनं कात्री चालवायची, घडी उलगडली की पानाफुलांची मोठी नक्षी तयार होते. ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर पसरून बायका महिनोन्‌महिने टाके घालत बसतात. लग्नात ती देतात, मुलाच्या जावळाला देतात, कोणी परमुलखाला निघालं तर त्याच्या अंगावर घालतात. माणूस गेलं की तिच्यातच गुंडाळून मातीत ठेवतात. इनाची आजी मुनोकोआ ही बेटाच्या त्या भागातली सगळ्यात नावाजलेली कापणारी होती. तिच्या कात्रीला कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

सुरुवातीला तिघांनी आपापली पानं आपापल्या घरी केली आणि एका सोमवारी ती एकत्र जोडली. माझी अवस्था बघण्यासारखी झाली होती.

"हे काय रे? माझं पान जांभळं कोणी केलं?" इना ओरडली.

"मी केलं. झकास दिसतंय," तेओ म्हणाला.

"झकास? डोळे दुखायला लागले माझे."

"मग गॉगल लाव."

नूरोआ पडद्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "तेओ, तू रंग माझ्या फाइलवर सेव्ह केलास. माझं कालचं सगळं काम गेलं."

तेओचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो नूरोआच्या हातापाया पडायचाच बाकी राहिला. मग इनानं आजीच्या शिवणगटाची रीत आणली. ज्याची फांदी त्यानंच शिवायची. दुसऱ्याच्या टाक्याला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं. तिनं भिंतीवर एक कागद चिकटवला आणि कोणाचं कुठलं पान ते लिहून टाकलं. त्यानंतर भांडणं कमी झाली. पूर्ण थांबली नाहीत, पण मला ती आवडायची. तीन माणसं आपल्यावरून भांडताहेत याचं सुख काही वेगळंच असतं!

नूरोआनं केलेलं पाचवं पान म्हणजे माझा खरा अभिमान. त्याच्यावर घडी घातलेलं कापड दिसायचं. बोटानं त्याच्यावर रेघ ओढली की तेवढं कापड कातरलं जायचं, आणि 'उलगड' म्हटलं की घडी हळूहळू मोकळी व्हायची. एकदा कातरलेलं आठ वेळा दिसायचं. पहिल्यांदा ते चाललं त्या दिवशी नूरोआ खुर्चीवरून उठला, खोलीला एक चक्कर मारून आला आणि पुन्हा बसला. मला तर आपण पाण्यावर तरंगतोय असं वाटलं.

पण नुसत्या पोरांच्या रेघोट्यांनी काय शोभा येणार? तिथं एक खरीखुरी नक्षी हवी होती. म्हणून मार्च महिन्यात इना मला लॅपटॉपवर घेऊन आजीकडे गेली. मुनोकोआ आजी चटईवर बसली होती. तिनं आधी पडद्यावर बोट फिरवून बघितलं, घडी उलगडलेली बघितली आणि नाक मुरडलं.

"याच्या कात्रीला वजनच नाही गं."

"पण आजी, ऑकलंडला जन्मलेल्या पोरांनी कुठं बघायचं हे? त्यांच्याकडे कोण कापून दाखवतंय?"

आजीनं आपली पेटी पुढे ओढली. तिच्यातून तिनं एक कागद काढला. तो आठव्या हिश्श्याचा नमुना होता. पपईचं पान आणि त्याच्या देठाशी बसलेली एक पाल. त्याच्यावरून तिनं घडीच्या हिरव्या कापडावर सर्रकन कात्री चालवली.

"ही तुझी आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तू शिकायला ऑकलंडला जाशील तेव्हा अंगावर घ्यायची. ऑगस्टच्या प्रदर्शनात आपल्या गटाकडून लावू आणि मग तुला देऊ. तोवर कोणाच्या नजरेला पडता कामा नये. तुझ्या त्या यंत्रात घालायची तर घाल, पण झाकून ठेव."

"शप्पथ आजी. कुणाला दिसणार नाही."

मग आजीनं कापड उलगडलं. आठ पानं, आठ पाली. तिनं पुन्हा कात्री उचलली आणि एका पालीची शेपटी कच्चकन उडवली.

"अगं! मोडलीस की!"

"मोडली नाही. माझ्या चुलीमागची अशीच आहे, मांजरानं शेपटी नेलेली. आठही सारख्या झाल्या तर लोक म्हणतील दुकानातून छापून आणल्या." आणि ती स्वतःशीच हसली.

त्याच दुपारी शिवणगटातल्या पोको आजीला बोलावून दोघींनी त्या कापडाला कच्चे टाके घातले. या दोघी तीस वर्षं मांडीला मांडी लावून शिवायला बसत. मुनोकोआ आजीला उजव्या डोळ्यानं नीट दिसत नसे, म्हणून तिची सुई नेहमी पोको आजी ओवून द्यायची. गटातल्या बाकीच्या बायकांनी ते कापड बघितलं ते थेट मे महिन्यात, शिवायला घेतलं तेव्हा.

नूरोआनं तो कागद माझ्या पोटात घातला. एका पालीच्या आठ पाली मीच करत होते, त्यामुळे माझ्याकडे आठही शेपट्या शाबूत राहिल्या. इनाच्या ते लक्षात आलं होतं. "जाऊ दे, नंतर नीट करू," ती म्हणाली. मग नूरोआनं त्या पानाला कुलूप घातलं. पासवर्ड टाकल्याशिवाय नक्षी दिसायची नाही.

मित्रांनो, इथं मला माझी लाज सांगितली पाहिजे. ते कुलूप खोटं होतं. पासवर्ड माझ्याच आत लिहिलेला होता, आणि नक्षीही माझ्याच आत होती. मला जो उघडतो त्याच्या हातात मी सगळी जाते. दाराला कुलूप लावून किल्ली कडीला अडकवून ठेवावी, तसला तो प्रकार. शिकाऊ पोरं होती ती, त्यांना ते कळलं नाही. मला कळत होतं. पण ओरडून सांगायला मला आवाज कुठं होता? एप्रिलमध्ये सरांनी मला स्पर्धेसाठी जगासमोर ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी भीतीनं अर्धी झाले.

आठवड्याभरानं मला एका बसमध्ये जाग आली. समोर दुसऱ्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. तिनं कुलूप बघितलं, भुवया उडवल्या आणि थोडी खटपट करून माझं पोट उघडून बघितलं. तिलाही जावास्क्रिप्ट शिकवत होतेच की! पासवर्ड मिळाला, नक्षी उलगडली आणि तिच्या तोंडून निघालं, "अय्या!" घरी जाऊन तिनं ती मावशीला दाखवली. मावशी दुसऱ्या गावच्या शिवणगटात होती. ती मुलगी चोर नव्हती, हे मी आजही सांगेन. इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे, असं त्या घरात सगळ्यांना वाटलं. मावशीनं वही काढली आणि नक्षी उतरवून घेतली. मी उजळ पडद्यावर पसरून पडले होते, मिटताही येत नव्हतं.

ऑगस्टचं प्रदर्शन बेटावरच्या मुख्य गावी, अवारुआच्या मोठ्या सभागृहात भरलं. तेओनं मला फोनवर उघडून हातात धरलं होतं, येईल त्याला कौतुकानं दाखवायला. त्यामुळे पुढचं सगळं मी बघितलं. बायका डोक्यावर फुलांचे मुकुट घालून आल्या होत्या. उजव्या भिंतीवर मुनोकोआ आजीच्या गटाची तिवायवाय लागली, पांढऱ्यावर हिरवी. थोड्या वेळानं दुसऱ्या गावच्या बायकांनी डाव्या भिंतीवर त्यांची सोडली. पिवळ्यावर तांबडी. पपईची पानं आणि देठाशी पाली.

सगळ्यांच्या माना उजवीकडून डावीकडे वळल्या.

मुनोकोआ आजी उभी राहिली. रागानं तिचा चेहरा काळवंडला होता. "कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एवढं काम चार महिन्यांच्या आत होत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्हणजे हे मार्च-एप्रिलपासून चाललंय. आणि तेव्हा माझ्याशिवाय आणि या पोरांशिवाय ही नक्षी बघितली होती ती एकट्या पोकोनं. पोको, तुझी लेक त्या गावात दिलीय ना गं?"

पोको आजी उठली. तिनं दोऱ्यांची पिशवी उचलली, मुकुट काढून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर निघून गेली. तीस वर्षांची सोबत, आणि निरोपाचा एक शब्द नाही! मला त्या क्षणी नाहीसं व्हावंसं वाटलं. चोर तेओच्या हातात होता, मी होते. आणि माझ्याकडे बघून लोक म्हणत होते, वा, काय छान केलीय पोरांनी!

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत इनानं तेओच्या फोनमधले प्रदर्शनाचे फोटो मोठे करून बघितले. शंकेची पाल तिच्या मनात कालच चुकचुकली होती, आणि इथे तर खऱ्याच पालींचा मामला. तिनं तांबड्या पाली बोटानं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग मला उघडून माझ्या मोजल्या.

"आठ," ती म्हणाली. "त्यांच्या आठही पालींना शेपट्या आहेत. पोको आजीनं बघितलं त्या कापडावर सातच होत्या. आजीनं माझ्यासमोर कापलीय एक. आठ शेपट्या जगात एकाच ठिकाणी होत्या."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. नूरोआनं कुलूप तपासलं आणि डोकं टेबलावर टेकवलं.

"गप्प बसायचं," तेओ म्हणाला. "शुक्रवारी निकाल आहे. सर म्हणाले आपण पहिले येतोय. आता बोललो तर सगळं पाण्यात."

"आजी पोको आजीला चोर म्हणाली रे. सगळ्यांच्या देखत."

"म्हातारी माणसं आहेत, भांडतील, होतील गोड."

"आणि नाही झाली तर? पोको आजी मंगळवारी शिवायला येणार नाहीये. तिनं निरोप पाठवलाय की आता कधीच येणार नाही."

"पण मुद्दाम केलं का आपण? कुलूप लावलं होतं ना!"

तेव्हा नूरोआ बोलला. "कुलूप मी लावलं होतं. मी येतो तुझ्याबरोबर."

तेओ पाय आपटत निघून गेला. दोन आठवडे तो इनाशी बोलला नाही.

मंगळवारी चर्चशेजारच्या खोलीत बायका शिवायला बसल्या होत्या. मुनोकोआ आजीच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. इनानं मला मध्ये चटईवर ठेवलं आणि उघडलं. पासवर्ड न टाकता नूरोआनं कुलूप काढून दाखवलं. इनानं एकेक शेपटी मोजून दाखवली. तिचा आवाज फाटत होता. "आजी, मी शप्पथ घेतली होती. मी नीट बघितलंच नाही की हे झाकलं गेलंय की नाही. मला मार्क हवे होते. पोको आजीनं काही नाही केलं."

मला वाटलं आजी मला चटईवरून उचलून बाहेर फेकेल. फेकलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं माझ्या आठ पाली स्वतः बोटानं मोजल्या.

मग बायकांकडे वळून ती म्हणाली, "मी पोकोवर खोटा आळ घेतला. चूक माझी." "ऊठ," ती इनाला म्हणाली. "ती तिवायवाय घे. आणि हे यंत्रही घे."

बेटाला उलट्या दिशेनं फेरी घालणारी बस धरून त्या दोघी पोको आजीच्या घरी गेल्या. पोको आजी अंगणात तारो, म्हणजे अळूचे कंद, सोलत होती. इनानं लॅपटॉप ओट्यावर ठेवला. तो अर्धवट उघडाच होता, म्हणून मला एवढं तरी ऐकता आलं.

"चोरीचा माल शोधायला आलीस? आत जा. दार उघडं आहे," पोको आजी मान वर न करता म्हणाली.

"पोको, मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून आत्ता सगळ्यांसमोर सांगून आले. आता तुला सांगते. ही तुझी." आणि मुनोकोआ आजीनं गाठोडं सोडलं. हिरवी पानं अंगणात पसरली.

पोको आजीची सुरी थांबली. "ही पोरीची आहे. ऑकलंडला जाताना द्यायची म्हणाली होतीस."

"होती तिची."

"पोरी, तुझं काय म्हणणं?"

इना ढसाढसा रडत होती. रडता रडताच म्हणाली, "घ्या तुम्ही. माझ्याकडे दिलेलं मला सांभाळता आलं नाही. मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

पोको आजीनं तारोचे हात पदराला पुसावेत तसे पोलक्याला पुसले आणि त्या कापडावरून फिरवले. बिनशेपटीच्या पालीपाशी तिचा हात थांबला. "घेईन. पण एक सांगून ठेवते, परत मागायची नाही. ही माझ्याबरोबर मातीत जाणार."

"जाऊ दे," मुनोकोआ आजी म्हणाली.

कोंबड्या तारोच्या सालींवर तुटून पडल्या. मग पोको आजीनं विचारलं, "आज सुई कोणी ओवून दिली गं तुला?"

"कोणी नाही. आंधळ्यासारखे टाके घातलेत."

"दिसतंय तुझ्या तोंडावर. थांब, चहा टाकते."

पोरांनी सरांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. सरांनी माझं नाव स्पर्धेतून काढून घेतलं. हे कानावर गेलं तशा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या बायका आल्या, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं आणि बिटानं गुलाबी केलेलं बटाट्याचं सॅलड घेऊन. त्यांची तांबडी तिवायवायही त्यांनी आणली होती, देऊन टाकायला. मुनोकोआ आजीनं ती उलगडून बघितली आणि परत घडी घातली. "न्या तुमची तुम्हाला. हिला आठ शेपट्या आहेत. ही माझी नव्हेच." सगळ्या खो खो हसल्या. त्या मावशीला हसता हसता रडू आलं.

राहिले मी. नूरोआ म्हणाला, सगळीच काढून टाकू. त्याचंही बरोबर होतं. मी डोळे मिटून वाट बघत राहिले. पण इना म्हणाली, नको. तिनं माझ्या आतून ती नक्षी मुळापासून काढली, कुलूपही काढलं. नूरोआचं रिकाम्या घडीचं पान तसंच ठेवलं आणि एक सहावं पान जोडलं. त्याच्यावर ना चित्र, ना बटण. चार ओळी तेवढ्या लिहिल्या. तेओ दाराशी उभा होता. तो आत आला आणि कोणी न सांगता त्यानं माझा जांभळा रंग काढून साधा पांढरा केला.

मग पोरं मोठी झाली आणि पांगली. नूरोआ जहाजावर लागला. तेओ बेटावरच आहे, त्याला तीन मुलं आहेत. इना ऑकलंडला गेली, अंगावर तिवायवाय न घेता. विमानतळावर बाकीच्यांच्या पोरांच्या अंगावर होत्या, ते तिनं बघितलं असणार. चार वर्षांनी पोको आजी वारली. तिला त्या हिरव्या पानांत गुंडाळून, तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्याच अंगणात मातीत ठेवलं. त्या दिवशी इनानं मला उघडलं होतं.

मित्रांनो, आता माझ्याकडे फार कोणी येत नाही. मला कंटाळा येत नाही, झोपेत समुद्राचा तो हलणारा उजेड दिसत राहतो. पण तुम्हीही उद्या माझ्यासारखं काहीतरी करायला बसाल, म्हणून विनवते. आमच्या पोटात जे घालाल ते आम्ही मागेल त्याला देऊन टाकतो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्याची वस्तू आमच्या हवाली करण्याआधी शंभरदा विचार करा. आणि आम्हाला जन्म दिलात तर वर्षातून एकदा तरी येऊन बघत जा, काय मोडलं, काय उरलं. जीव लावलेल्या माणसांनी टाकून दिलं की फार एकटं वाटतं हो.

गेल्या महिन्यात एका सकाळी मला जाग आली. समोर इना होती. केसांत दोन-चार पांढरे. तिच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी होती. त्या पोरीनं माझी सगळी पानं धडाधड दाबून काढली. बटणं हलली नाहीत, घडी उलगडली नाही. शेवटी सहावं पान आलं. तिनं त्या ओळींवर बोट दाबलं. पुन्हा दाबलं.

"आई, हे पण मोडलंय."

"नाही गं. हे धड आहे."

"मग काय आहे इथं? वाच ना मला."

इना पुढे वाकली. मग तिनं लेकीचं बोट धरून एकेका ओळीखालून नेलं आणि मोठ्यानं वाचलं.

"इथे मुनोकोआ आजीची नक्षी होती. ती तिने आमच्यावर भरवसा ठेवून दिली होती. आम्ही ती सांभाळली नाही. त्याचा दोष पोको आजीवर आला, आणि तो आमचा होता."